पडद्यावर अक्षर बरोबर, कापल्यावर मधेच रेघ: मराठी पाट्या कापायला मोफत सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर आमचं पाट्यांचं दुकान आहे. एक लेझर, एक राउटर (बिट नावाच्या फिरत्या पात्याने लाकूड-शीट कापणारं आणि कोरणारं मशिन) आणि स्टिकर कापायचा एक कटर. 2022 साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी फलक लावणं बंधनकारक झालं. पुढच्या वर्षी छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं लागू झाली, तेव्हा पाट्या बदलायची आणखी एक लाट आली. त्या काळात आमच्या ओळखीतल्या बऱ्याच पोरांनी उदगीर, अंबाजोगाई, परभणीकडे छोटी मशिनं घेतली. त्यांचे फोन मला आजही येतात. पहिला प्रश्न असतो, "भाऊ, फुकटातलं कोणतं सॉफ्टवेअर टाकू?" आठ-पंधरा दिवसांनी दुसरा फोन येतो, "पडद्यावर एकदम बरोबर दिसतं, पण कापलं की अक्षराच्या पोटातून रेघ जाते."

हा दुसरा फोन इतक्या वेळा आलाय की त्याचंच उत्तर आधी देतो. सॉफ्टवेअरची निवड त्यातूनच उलगडत जाईल.

मी स्वतः पहिल्यांदा या रेघेत अडकलो ते 'कृषी सेवा केंद्र' या पाटीवर. तीन मिलिमीटरचं लाल अ‍ॅक्रेलिक होतं. 'सेवा' कापून झाला, मी शीट उचलली, तर 'स' माझ्या हातात आणि 'वा' मशिनच्या जाळीवर. जिथे 'स'ची शिरोरेषा संपून 'व'ची सुरू होते, तिथे लेझरने उभा काप दिला होता. शेजारी आमच्या गल्लीतले पेंटरकाका उभे होते. चाळीस वर्षं ब्रशने पाट्या रंगवलेला माणूस. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, जोडून बघितले आणि म्हणाले, "पोरा, शिरोरेघ तुटली की शब्द तुटला. तुझ्या मशिनला हे कुणी सांगितलंच न्हाई का?"

खरंच सांगितलं नव्हतं. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावरचा शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं, आणि हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात, म्हणजे छापताना फट दिसू नये. छपाईला ते चालतं, कारण काळ्यावर काळं काळंच दिसतं. कापणाऱ्या मशिनला रंग कळत नाही, फक्त कड कळते. 'स'ची कड वेगळी, 'व'ची वेगळी, कान्याची वेगळी, मात्रेची वेगळी. तितक्या सगळ्या कडा ते इमानदारीने कापतं. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, म्हणून परदेशी व्हिडिओ बघून शिकलेल्याला ही अडचण आधी कुठे दिसतच नाही.

उपाय इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ते पूर्णपणे मोफत आहे. शब्द टाइप करा. तो निवडून 'पाथ' मेनूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' द्या, म्हणजे मजकुराचा आकार होतो. मग ग्रुप सोडवा, सगळी अक्षरं निवडा आणि त्याच मेनूतलं 'युनियन' द्या. विकतचं कोरलड्रॉ वापरणारे ज्याला 'कर्व्ह करणे' आणि 'वेल्ड मारणे' म्हणतात, तेच हे. इथे एक चूक हमखास होते: युनियनऐवजी शेजारचं 'कंबाइन' दिलं जातं. कंबाइनने अक्षरं एका गाठोड्यात बांधली जातात, पण आतल्या कडा तशाच राहतात, उलट चढलेल्या जागी पांढरी भोकंही पडू शकतात. युनियनने आतल्या कडा पुसल्या जातात.

झालं की नाही हे रंगाने भरलेलं अक्षर बघून कळत नाही. 'व्ह्यू' मेनूत 'डिस्प्ले मोड'मध्ये 'आउटलाइन' करा. रंग जातो आणि फक्त कडा उरतात. आता पडद्यावर जी रेघ दिसते ती मशिन कापणार, आणि जी दिसत नाही ती कापणार नाही. आमच्या दुकानात या नजरेतून बघितल्याशिवाय एकही फाइल पेनड्राइव्हवर जात नाही.

आता निवडीकडे. बहुतेक जण एकच सॉफ्टवेअर शोधतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. चित्रापासून कापलेल्या पाटीपर्यंत कामं तीन आहेत. पहिलं, चित्राच्या नीट कडा काढणं. दुसरं, त्या कडांवरून हत्यार कुठून, किती खोल, कोणत्या क्रमाने जाणार ते ठरवणं. तिसरं, ते मशिनच्या कंट्रोलरला, म्हणजे मशिन चालवणाऱ्या आतल्या सर्किटला, कळेल अशा बोलीत पोचवणं. पहिल्या कामासाठी तुम्ही लेझर घ्या नाहीतर राउटर, इंकस्केप पुरतं. दुसरं आणि तिसरं मात्र तुमच्या मशिनवर अवलंबून आहे. म्हणून सॉफ्टवेअर उतरवण्याआधी मशिनचं झाकण उघडा किंवा बिल बघा, आणि कंट्रोलर कोणता आहे ते कागदावर लिहून घ्या. मला फोन करणाऱ्यांना मी हेच आधी विचारतो.

छोटं डायोड लेझर असेल तर आत बहुधा जीआरबीएल नावाची कंट्रोलरची प्रणाली असते. विंडोजवर लेझरजीआरबीएल टाका. ते मोफत आहे आणि इंकस्केपची एसव्हीजी फाइल थेट घेतं. मधे वेगळा जी-कोड, म्हणजे हत्याराने कुठून कसं जायचं ते सांगणाऱ्या ओळींची फाइल, करायची गरज पडत नाही. मोठं काचेच्या नळीचं सीओटू लेझर असेल आणि कंट्रोलर रुइडाचा असेल, तर मशिनबरोबर आरडीवर्क्स येतं. त्याचे पैसे वेगळे पडत नाहीत. इंकस्केपमधून डीएक्सएफ काढा आणि त्यात उघडा. स्टिकर कटर असेल तर इंकस्केप एचपीजीएल फाइल काढतं, आणि कटर थेट चालवायचा असेल तर इंककट आहे, तेही मोफत.

राउटरला जास्त विचार लागतो, कारण तिथे खोली येते. एनसीस्टुडिओ किंवा पेनड्राइव्ह लावायचा हातातला रिचऑटो कंट्रोलर असेल तर त्याला तयार जी-कोडच द्यावा लागतो. तो जी-कोड करायला माझी पसंती फ्रीकॅडला आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली आणि त्यातल्या जुन्या 'पाथ' विभागाचं नाव 'कॅम' झालं; जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना तो विभाग सापडत नाही, त्याचं कारण एवढंच. फ्रीकॅड शिकायला आठवडा जातो हे खरं. पण बिटचा व्यास, दर फेरीची खोली, तुकडा उडू नये म्हणून ठेवायचे टॅब, हे सगळं त्यात नीट सांगता येतं. तेवढा वेळ नसेल तर जेएसकट ब्राउझरमध्येच चालतं: एसव्हीजी द्या, बिट आणि खोली सांगा, जी-कोड घ्या. जी-कोड जीआरबीएलच्या राउटरला पाठवायला युनिव्हर्सल जी-कोड सेंडर चांगलं आहे आणि ते लिनक्सवरही चालतं. इंकस्केपमध्ये जीकोडटूल्स नावाचं जोडकाम आधीपासून असतं, पण नव्या माणसाने त्याच्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. त्यात ठिकठिकाणी इतके आकडे भरावे लागतात की चूक कुठे झाली ते सापडत नाही.

सागवानात व्ही-बिटने अक्षर कोरायचं असेल, म्हणजे घराच्या दारावरची नावाची पाटी, तर एफ-एन्ग्रेव्ह घ्या. रेघ जिथे रुंद तिथे खोल आणि जिथे बारीक तिथे उथळ, असा तो हिशोब करतो. मराठी अक्षरं मात्र त्यात टाइप करू नका, जोडाक्षरं मोडतात. इंकस्केपमधून डीएक्सएफ नेऊन द्या.

'मोफत' या शब्दाखाली आणखी दोन गोष्टी खपवल्या जातात. एक म्हणजे डेमो. मॅक-थ्री या राउटर चालवायच्या सॉफ्टवेअरचा डेमो 500 ओळींपर्यंतच जी-कोड चालवतो. 'श्री'सारख्या वळणदार अक्षराला तेवढ्या ओळी सहज लागतात. मशिन प्रत्येक वेळी त्याच जागी थांबत असेल तर वायर तपासत बसण्याआधी फाइलच्या ओळी मोजा. दुसरी म्हणजे क्रॅक, लायसन्स तोडून फुकट केलेलं विकतचं सॉफ्टवेअर. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाने पेनड्राइव्हवरून घेतलेलं असलं सॉफ्टवेअर टाकलं आणि चार महिन्यांची सगळी डिझाइनं गमावली. इतकी चांगली मोफत साधनं हाताशी असताना हा धोका कुणीही घेऊ नये.

मापाची तक्रार

"600 मिलिमीटरची पाटी काढली, लहान निघाली." अशा वेळी मी एकच विचारतो, नेमकी किती निघाली? कारण आकड्यावरून आजार कळतो. 562.5 निघाली असेल तर इंकस्केपची जुनी फाइल आहे. 0.92 आवृत्तीच्या आधी इंकस्केप एका इंचाला 90 ठिपके धरायचं, नंतर 96 धरायला लागलं. 450 निघाली तर फाइल 72 धरणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आली आहे. 23.6 निघाली तर डीएक्सएफ इंचात लिहिली गेली आणि मशिनने ती मिलिमीटर समजून वाचली. आणि 599 निघाली तर इंकस्केप कडेच्या रेघेची जाडीही मापात धरतंय. 'प्रेफरन्सेस'मध्ये 'टूल्स'खाली 'जिओमेट्रिक बाउंडिंग बॉक्स' निवडा, म्हणजे रेघेच्या मधोमध माप येईल.

सवय म्हणून प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात 100 बाय 100 मिलिमीटरचा एक चौकोन ठेवा. मशिनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर आधी त्याचं माप बघा, मग तो पुसा आणि कापा. मशिनपाशी न जाता बघायचं असेल तर लिब्रेकॅडमध्ये डीएक्सएफ उघडून मोजता येतं.

हाताने काढलेलं चित्र

हे काम माझ्या जिवाच्या जवळचं आहे. पेंटरकाकांचे हात आता थरथरतात, शिडीवर चढवत नाही. पण कागदावर त्यांचं अक्षर अजून तसंच उतरतं. 'क'चं पोट ते असं काढतात की कुठल्याच फाँटमध्ये तसं सापडायचं नाही. ते कागदावर काढतात, मी कापतो. पाटी त्यांचीच राहते.

सुरुवातीला त्यांनी पेन्सिलने नुसती बाहेरची रेघ काढून दिली, मी मोबाइलवर फोटो काढला, इंकस्केपमध्ये 'ट्रेस बिटमॅप' केलं, आणि मशिनने प्रत्येक कड दोनदा कापली. ट्रेस करणारं इंजिन, पोट्रेस, काळ्या भागाची कड काढतं. पेन्सिलची रेघ म्हणजे त्याच्या दृष्टीने एक बारीक काळा पट्टाच, म्हणून त्याची आतली कड वेगळी आणि बाहेरची वेगळी. आता काका अक्षर काळ्या पोस्टर रंगाने भरून देतात. दोनपदरी रेघ गेली. भरणं शक्यच नसेल, रेघच कोरायची असेल, तर ट्रेसमध्ये 'सेंटरलाइन' हा पर्याय आहे, तो रेघेच्या मधोमध एकच वाट काढतो.

फोटो काढताना कागद भिंतीला सपाट चिकटवा आणि मोबाइल त्याच्या समोर सरळ धरा. तिरका धरला तर शिरोरेषा एका टोकाला जाड येते आणि मग ती कशानेही सरळ होत नाही. उन्हात काढू नका, हाताची सावली पडली की ट्रेस तिलाही अक्षर समजतं. सकाळी दुकानाच्या दारात, सावलीत, सगळ्यात चांगला फोटो येतो.

ट्रेसच्या खिडकीत 'स्पेकल्स' वाढवलं की कागदावरचे ठिपके जातात. फार वाढवलं तर अनुस्वारही जातो, तेव्हा मोजून बघा. 'स्मूथ कॉर्नर्स' कमी केलं की शिरोरेषेची टोकं चौकोनी राहतात, नाहीतर साबणाच्या वडीसारखी गोल होतात. ट्रेस झाल्यावर खालचा फोटो बाजूला काढून पुसा. तो तसाच राहिला तर लेझर तोही कोरायला घेतं.

मग नोड्स, म्हणजे कडेवरचे जोडबिंदू, बघा. ट्रेस केलेल्या एकेका अक्षरावर शेकडो नोड येतात. मशिन प्रत्येक नोडपाशी वेग कमी-जास्त करतं, थरथरत जातं आणि अ‍ॅक्रेलिकच्या कडेला करवतीसारखे दाते दिसतात. लोक बेल्ट कसतात, लेन्स पुसतात. 'पाथ'मधलं 'सिम्प्लिफाय' एकदा द्या. दोनदा दिलं तर काकांचं अक्षर काकांचं राहत नाही. एकदा देऊन उरलेले नको ते नोड मी हाताने काढतो. वेळ जातो, पण पाटी वीस वर्षं भिंतीवर राहणार असते.

स्टेन्सिल आणि म-भ

रंग मारायचं स्टेन्सिल कापलं की अक्षरांची पोटं गळून पडतात. 'क'चं पोट, 'व'चं पोट, 'ष'ची दोन्ही पोटं. त्यासाठी मधे पूल, म्हणजे पोट शीटला धरून ठेवणाऱ्या बारीक न कापलेल्या पट्ट्या, ठेवावे लागतात. हे पूल कुठे ठेवायचे, याचं उत्तर कुठल्याच सॉफ्टवेअरकडे नाही, ते मराठी वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. 'म'च्या शिरोरेषेत पूल ठेवला तर रंगवल्यावर तिथे फट राहते आणि 'म'चा 'भ' वाचला जातो. 'घ'चा 'ध' होतो. माझ्याकडे आलेल्या एका फाइलमध्ये 'घर' रंगवलं असतं तर लोकांनी 'धर' वाचलं असतं. पूल खालच्या आडव्या रेघेत किंवा उभ्या दांडीच्या मधोमध ठेवा, शिरोरेषेला हात लावू नका.

कापलेल्या अक्षरांचं मात्र उलट आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो आणि भिंतीवर चिकटवणं सोपं जातं. सुटा राहतो तो अनुस्वार. 'केंद्र'वरचा ठिपका जाळीतून खाली पडला की दिवसभर शोधत बसावं लागतं. आम्ही तो ठिपका त्याच शीटवर जरा बाजूला एकाच्या जागी तीनदा कापून ठेवतो. शिवाय त्याच फाइलची कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढतो, ती भिंतीवर चिकटवतो आणि तिच्यावरून ठिपका बसवतो. अंदाजाने बसवलेला अनुस्वार लांबूनही लक्षात येतो.

फाँट निवडताना जुन्या, इंग्रजी किल्ल्यांवर बसवलेल्या फाँटांपेक्षा युनिकोड फाँट घ्या. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यात आलेलं काम कर्व्ह करूनच मागा. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे दोन्ही युनिकोड फाँट मोफत आहेत आणि कापायला जाडी पुरेशी आहे. 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा येतो का, आणि 'आचाऱ्यां'मधला 'ऱ्या' नीट पडतो का, एवढं टाइप करून बघा.

राउटरवाल्यांसाठी एकच: पाव इंचाचा अर्धा म्हणजे 3.175 मिलिमीटरचा बिट त्याहून बारीक फटीत जात नाही. 'भ'ची छोटी गाठ किंवा 'द्र'ची खाच त्याहून बारीक असेल तर सॉफ्टवेअर ती चुपचाप सोडून देतं. अक्षर मोठं करा किंवा बिट बारीक घ्या.

आणि सनबोर्ड लेझरवर कधीही ठेवू नका. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, स्टिकरचं व्हिनाइलही तेच. जळाल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतं. ते छातीला घातक आहे आणि मशिनचे लोखंडी भागही गंजवतं. सनबोर्ड आणि एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचे थर असलेली शीट) राउटरवर, अ‍ॅक्रेलिक आणि एमडीएफ लेझरवर. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी यात बदल करू नका.

लाइट गेल्यावर

उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते आणि मशिन कुठवर आलं होतं हे विसरतं. पुन्हा सुरू केल्यावर अर्धा शब्द दोन मिलिमीटर सरकून कापला जातो. यासाठी दोन गोष्टी करा. शीटचा शून्याचा कोपरा, म्हणजे जिथून मशिन मोजायला लागतं तो, जाळीवर ठोकलेल्या पट्टीला टेकवून ठेवा, म्हणजे तो पुन्हा तिथेच सापडेल. आणि अख्ख्या पाटीची एक फाइल न करता प्रत्येक शब्दाची वेगळी फाइल करा, सगळ्यांचा शून्य एकच ठेवून. 'कृषी' झाला, 'सेवा' चालू असताना लाइट गेली, तर परत येऊन मशिन त्याच पट्टीवर शून्य करा आणि 'सेवा'ची फाइल पुन्हा पहिल्यापासून लावा. लेझर कापलेल्या जागेवरून परत जातं, कड थोडी काळसर होते, पुसली की निघते. शीट मात्र तोपर्यंत जागेवरून हलवायची नाही.